दात येताना

एकाहत्तर वर्षांच्या द्वारकाबाईंना दात येत होते. गाल लाल झाले होते, लाळ थांबत नव्हती आणि चिडचिड तर विचारू नका. नातवाला दिली होती तशीच एक खारीक सुनेने, शरयूने, जाड दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधली होती. ती चावली की हिरड्यांचा ठणका जरा कमी व्हायचा.

पायरीवरून पडून त्यांचे पुढचे दोन दात गेले, तेव्हा डॉक्टरांनी कवळी, ब्रिज, इम्प्लांट सगळं दाखवलं होतं. "याने दोरा तोडता येईल?" बाईंनी प्रत्येक वेळी विचारलं. डॉक्टर प्रत्येक वेळी नाही म्हणाले. उभा जन्म गोधड्या शिवण्यात गेलेल्या बाईंनी मग हिरडीत दाताचं बीजच पेरून घेतलं.

"आई, इंजेक्शन घेतलंत तर दुखणं आत्ता थांबेल," शरयू काकुळतीने म्हणाली.

"आणि बीज?"

"ते मरेल. पण घरात कात्री आहे ना."

"कात्री शोधेपर्यंत माझे दहा टाके होतात," म्हणत बाईंनी खारीक पुन्हा तोंडात धरली.

ठणका सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी शरयू चहा घेऊन आली, तर सासूबाई गोधडी पसरून बसल्या होत्या. खारीक जमिनीवर पडली होती.

"गाठ सुटली वाटतं," ती खारीक उचलत म्हणाली.

गाठ जागच्या जागी होती. दोरा मात्र गाठीच्या शेजारीच दातांनी तोडलेला होता.

"ठेव ती डब्यात," बाई म्हणाल्या आणि सुई ओवायला लागल्या.