सतरा मेमो

"फसलेलं काम दाखवा," करसल्लागार नीला तिसऱ्यांदा म्हणाली.

कारखान्याचे मालक नरहरशेठ यांचं डोकंच फिरलं. पैसे देऊन बोलावलेली बाई, आणि चकचकीत पेरणीयंत्र सोडून भंगार मागते! नीलानं पुन्हा समजावलं. करात सवलत संशोधनाच्या खर्चाला मिळते, रोजच्या उत्पादनाला नाही. उत्तर आधी ठाऊक नव्हतं, प्रयोग केले, ते फसले, याचा पुरावा हवा. शेठनी आपल्या मुलाकडे, अपूर्वकडे, बोट दाखवलं. संशोधक हाच म्हणे. मग यंत्रात एकेक बी खाली सोडणाऱ्या चकतीला भोकं तिरपी का पाडली, नीलानं विचारलं. अपूर्वनं दाराशी उभ्या कल्याणकडे पाहिलं. कल्याणनं खिसा चाचपला.

चकती कल्याणनं घडवली होती. दोन वर्षं राबला होता तो. सोमवारी शेठनी त्याला 'माल नासवतो' म्हणून सगळ्यांदेखत हाकललं, वर जालन्यातल्या झाडून साऱ्या वर्कशॉपना फोन करून तसं कळवलं. चार दिवस कल्याणला कुणी दारात उभं केलं नाही. आणि आज शेठचाच फोन, बाईनं काही विचारलं तर अपूर्वच्या कानात सांगायला ये. इतका कोडगेपणा!

कल्याणनं खिशातून कागदांची गड्डी काढून टेबलावर आपटली. चकती फसली की शेठ त्याच्या हातात ठपक्याचा मेमो द्यायचे. नीला वाचू लागली. भोक पाच मिलिमीटर, तूर फुटली. भोक नऊ, दोन-दोन दाणे पडले. असे सतरा, तारखेसकट, शेठच्या सहीचे. माणसाला काढायला पुरावा हवा म्हणून किती मन लावून लिहिलं होतं!

"संशोधन म्हणतात ते हेच," नीला म्हणाली. शेठ लगेच खुलले. सही आपलीच आहे, म्हणाले.

"पण प्रत्येक मेमोत निष्काळजीपणा लिहिलाय. त्याला सवलत नाही. ही नासाडी होती की प्रयोग, आणि कुणाचे, ते आत्ता लेखी द्या."

शेठनी दातओठ खात कंपनीच्या कागदावर लिहिलं. नासाडी नव्हती, प्रयोग होते, संशोधक कल्याण. सही केली, शिक्का मारला. कल्याणनं त्याची झेरॉक्स मागून घेतली आणि शब्द न् शब्द वाचला.

"झालं गेलं सोड," शेठ मऊ आवाजात म्हणाले. "उद्यापासून कामावर ये."

"तुमच्याकडं कामासाठी आल्तोच न्हाई मी, शेठ," कल्याण म्हणाला. "ह्या कागदावर आता कुठंबी काम मिळंल मला."