मोकळा रस्ता

खुब्याच्या ऑपरेशननंतर शालनकाकू आता काठीशिवाय चालत होत्या. कमरेला बांधलेला यंत्राचा पट्टा तोल ज्या बाजूला जाणार त्या बाजूला आधीच हलकेच दाबायचा, वाटेत कोणी आलं तर कानात सांगायचा. पडायची भीती उरली नव्हती. पण मधूनमधून पट्टा म्हणायचा, "पाऊल अडखळतंय."

व्यायाम शिकवणाऱ्या तृप्तीने त्यांना दवाखान्याच्या अंगणात चालवून पाहिलं. "काकू, पाय ठणठणीत आहे. तुम्हीच पाऊल मागे घेताय."

काकू ओशाळल्या. "आमचे हे रमतगमत चालायचे गं. चारचौघांत त्यांच्या पुढे कसं जायचं? म्हणून मी थांबत थांबत चालायचे. आता ते नाहीत, पण पायांना कोण सांगणार?"

तृप्तीने पट्ट्यातली ती सूचना बंद केली. "आता नाही टोकणार तो."

घरी जाताना वळणावर काकूंचं पाऊल सवयीने थबकलं. पट्ट्याने खरंच टोकलं नाही. त्याने समोरचा रस्ता लांबपर्यंत पाहिला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला,

"पुढे कोणी नाही. खुशाल चला."

काकू तिथेच उभ्या राहिल्या.