बारीक आवाजाचं यंत्र

ही गोष्ट १९१३ सालची, शाहू महाराज गादीवर असतानाची. कोल्हापुरात तेव्हा ग्रामोफोन घ्यायला आलेला माणूस आधी एकच विचारी, आवाज कुठवर जातो?

हंबीररावांचं दुकान महाद्वाराजवळ होतं. घड्याळं आणि शिवणयंत्रांच्या मागं त्यांनी दोन ग्रामोफोन मांडले होते. एकाचा कर्णा पितळेचा, परातीएवढा, घासून लखलखीत केलेला. दुसऱ्याचा लाकडी. तो राधानगरीकडच्या एका पाटलांनी आवाज बारीक म्हणून परत पाठवला होता.

समोरच्या बाकावर मौलाली सारंगिये आणि त्यांची बायको नजीरा बसली होती. मौलालींचा उजवा हात मांडीवर नुसता पडला होता. गेल्या पावसाळ्यात अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्या हाताला सारंगीचा गज धरवत नव्हता. सारंगी गवसणीत घालून खुंटीला टांगली होती आणि घर मुकं झालं होतं. नजीरा बायकांच्या चोळ्या शिवी. यंत्र तिच्या शिलाईतून यायचं होतं, म्हणून निवडायचंही आपणच, असं ती घरूनच ठरवून आली होती.

तबकडी तिनं पदराखाली धरून आणली होती. अंबूबाई गडहिंग्लजकरांचं गाणं. तबकडीवर नाव त्यांचंच. साथीला कोण बसलं हे तेव्हा कुणी छापत नसे. साथीला मौलाली होते.

हंबीररावांनी आधी पितळी कर्ण्याच्या यंत्राला चावी दिली. अंबूबाईंचा आवाज दुकानात मावेना. समोरचा पानवाला हात थांबवून बघू लागला. गाणं सरत आलं तसा मौलालींनी डावा हात वर केला आणि हंबीररावांनी सुई उचलली.

"हेच बांधा," मौलाली म्हणाले.

सारंगी कुठं आहे, असं नजीरानं विचारलं. हंबीरराव हसले. "वैनी, लोक बाईचं गाणं ऐकत्यात. सारंगी कोण ऐकतंय?"

"मी ऐकती की," नजीरा म्हणाली. "आता दुसरं लावा."

लाकडी कर्ण्यातून आवाज लहान आला, पण जवळून आला. अंबूबाई बाकाच्या टोकाला येऊन बसल्यासारख्या वाटल्या. आणि त्यांच्या आवाजामागून, सुईमागून दोरा यावा तशी सारंगी येत होती. नजीराचे डोळे मिटले. गाणं सरत आलं आणि मौलालींचा डावा हात पुन्हा वर गेला. हंबीररावांनी सुई उचलली.

या वेळी नजीरानं डोळे उघडले. मघाशीही हात इथंच वर गेला होता. तिनं तो हात चारचौघांत धरला, बाकावर दाबून ठेवला आणि सुई परत ठेवायला सांगितलं.

"शेवटपर्यंत लावा."

गाणं संपलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अंबूबाईंनी शेवटी मोठ्यानं आपलं नाव सांगितलं. त्या नावाखाली सारंगी अजून चाललीच होती. नाव संपलं, तरी ती शेवटचा सूर धरून एकटीच राहिली. मग सूर थरथरला आणि तुटला.

मौलाली खाली बघत राहिले. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बेळगावच्या एका बंगल्यात ही तबकडी भरली होती. बाई थांबली की सगळ्यांनी थांबायचं, असं गाणं भरून घेणाऱ्या कंपनीच्या साहेबानं बजावलं होतं. पण मैफिलीत बाई श्वासाला थांबते तेव्हाच सारंगीनं सूर सांभाळायचा असतो. हाताला तेच ठाऊक. बाई थांबली आणि हात चालत राहिला, साहेबाच्या माणसानं मनगट धरेपर्यंत. साहेबाला घाई होती, म्हणून पुन्हा न भरता तेच राहिलं. त्यानंतर मौलालींना कुणी तबकडीला बोलावलं नाही. पितळी कर्ण्यात बाईचं नावच एवढं दणक्यात येतं की खालचं काही कळत नाही. हे त्यांनी दुसऱ्या एका दुकानात चोरून ऐकून ठेवलं होतं.

"म्हणून म्हणतोय, मोठं घे," ते म्हणाले. "माझी चूक रोज घरात वाजवणार हायस व्हय?"

नजीरानं त्यांचा हात अजून सोडला नव्हता.

"अवं, आख्ख्या तबकडीत तेवढ्याच जागी तुम्ही एकलं हायसा."

मग ती हंबीररावांकडे वळली आणि लाकडी कर्ण्याचं यंत्र बांधायला सांगितलं. हंबीररावांनी एकदा बजावून बघितलं. "वैनी, गल्लीत ऐकू जायचं न्हाय. मागनं म्हणू नका."

"गल्लीसाठी न्हाय घेत, भाऊ."

पितळी कर्णा शाहूवाडीच्या एका इनामदारानं नेला. तिकडच्या पावसात तो दोन-चार वर्षांत हिरवा पडला. हंबीरराव पुढं रेडिओ विकू लागले आणि तेही आवाज कुठवर जातो यावरच विकत. अंबूबाईंचा गळा गेला. त्या गडहिंग्लजला भावाच्या घरी राहिल्या. आपल्या नावाखाली काय वाजतं, ते त्यांनी कधी ऐकलं नाही. मौलाली पहिले काही महिने गाणं सरत आलं की उठून अंगणात जात. मग जाईनासे झाले. नंतर नंतर डाव्या हाताची बोटं सतरंजीच्या काठावरून चालवत बसत. महाराज गेले त्याच साली तेही गेले. नजीरा नजर जाईपर्यंत शिवत राहिली.

तबकडी तिच्या नातीकडे अजून आहे. बाहेरच्या रेघा काळ्याभोर, कालच आणल्यासारख्या. अगदी आतल्या, गाणं संपतं तिथल्या, मधल्या कागदाला लागून असलेल्या तेवढ्या रेघा झिजून पांढऱ्या पडल्या आहेत.