पंपातली हवा

जाम झालेला डिझेल पंप काढून मी बोटीच्या इंजिनाला नवा बसवला. बोट मेहुण्याची, त्यामुळे वर डेकवर त्याचं तोंड सुटलेलंच होतं. "म्हणे मेकॅनिक. नुसती हवा आहे तुझी."

पंपातली हवा काढायला मी स्क्रू सैल केला. डिझेलसोबत बुडबुडे आले. तसे ते येतातच.

"माझ्या बहिणीनं काय बघून तुला..." बुडबुडा फुटला आणि त्याचं वाक्य तिथंच तुटलं.

बुडबुडे थांबेनात. प्रत्येकासरशी वरच्या शिव्या बारीक होत गेल्या. मग धापा टाकत तो म्हणाला, "दाजी, बंद करा ते."

तिथून त्याला माझे हात दिसत नव्हते. आणि लग्नापासून त्यानं मला कधी दाजी म्हटलं नव्हतं.

मी स्क्रू आणखी सैल केला.