दोघींचं सूप

रुपाबाई निळ्या एप्रनची घडी घेऊन आली. वर ओळखपत्र ठेवलेलं. रिसोडच्या बियाण्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं सोयाबीन निवडल्यावर परत करायला तिच्याकडे एवढंच होतं.

शेडचा मॅनेजर प्रसेनजित खुर्चीवरून उठला. आठ दिवसांपूर्वी त्यानंच तिला कामावरून काढलं होतं. 'व्यवस्थापन म्हणजे योग्य माणसाकडून योग्य काम करून घेणं,' असं त्यानं त्या दिवशी फळ्यावर झोकात लिहिलं होतं. नियोजन, देखरेख, नियंत्रण, सगळं कॉलेजातच पाठ झालेलं. एका सुपावर दोन बाया बसतात हे त्याला खटकलं, म्हणून त्यानं प्रत्येकीला वेगळं सूप दिलं. संध्याकाळी रुपाबाईच्या बियाण्यात काळे, फुटके दाणे तसेच सापडले. बाईला नीट दिसतच नव्हतं. त्यानं तिला सगळ्यांसमोर तसं सांगून घरी पाठवलं. फार शहाणा समजत होता स्वतःला.

आणि आज सकाळी तिच्या जोडीदारणीच्या, रत्नमालेच्या आठवडाभराच्या बियाण्याची पोती तपासली, तर त्यात माती आणि फोलपटं निघाली.

"मले पाखडता येत नाही, साहेब," रत्नमाला म्हणाली होती. "मावशी पाखडून देत होती, मी निवडत होती. दोघीचं मिळून भागत होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?" त्यानं विचारलं होतं.

"तुमी इचारलंच कुठी?"

आता रुपाबाई समोर उभी होती.

"मावशी, चुकलं माझं," प्रसेनजित म्हणाला. "उद्यापासून या. पयल्यासारख्या दोघी संगच बसा."

"नाही बाबू." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मले दिसत नाही हे रत्नमालेबिगर कोणालेच ठाऊक नव्हतं. आता साऱ्या गावाले झालं. सून चुलीजवळ बसू देत नाही."

तिनं टेबलाची कड हातानं चाचपली, एप्रन ठेवला आणि भिंतीच्या कडेकडेनं दाराबाहेर गेली.

रत्नमाला कोपऱ्यात आपल्या जागेवर बसली होती. तिनं सुपात सोयाबीन घेतलं आणि सवयीनं सूप डावीकडं पुढं केलं.

तिथं कुणी नव्हतं. थोडा वेळ ती सूप तसंच धरून राहिली.