कडेचे बिंदू

वडिलांच्या नजरेचा मध्य विझला होता. डावीकडची कड तेवढी अजून जागी होती. येना शहरातल्या भिंगांच्या कार्यशाळेत मारेन त्यांच्यासाठी तिरक्या भिंगांचा चष्मा आखत होती. संगणकावरच्या आराखड्यात प्रतिमा जिथे स्पष्ट हवी तिथे बिंदू ठेवायचे आणि प्रत्येकाला त्याच्या महत्त्वाएवढा भार द्यायचा.

तिच्या पडद्यात डोकावून सहकारी योर्ग हसला. "मध्याला शून्य भार? अगं, पहिल्या वर्षाची पोरंही असं करत नाहीत!"

"तिथं आता कुणी राहत नाही, योर्ग."

रविवारी वडिलांनी चष्मा चढवला आणि समोर बसलेल्या मारेनवरून तोंड हळूहळू उजवीकडच्या खिडकीकडे वळवले. बाहेर नुसते धुके होते. तिचा धीर सुटला.

"पपा, मी इथं आहे."

"हलू नकोस," खिडकीकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, "तुझे केस कधी पिकले गं?"