पाच पेट्यांचा रस्ता

हॉस्पिटलचा सर्व्हर पुन्हा चालू झाला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. फक्त पाच बाळं दिसत नव्हती.

पडद्यावर मोठ्यांच्या वॉर्डातले आकडे नेहमीसारखे हलत होते. खालचे पाच चौकोन मागच्या इमारतीतल्या, बाळांच्या काचेच्या पेट्यांचे. ते कोरे होते.

"दोन मिनिटं तर बंद होता," बॅटरी बदलायला आलेला वायरमन म्हणाला. "आणि बंद करून चालू केलं की सगळं सुधारतं, असं तुम्हीच सांगता ना लोकांना?"

सर्व्हर सांभाळायचं काम तिचं होतं. कुठल्या इमारतीकडे कुठल्या पत्त्यावरून जायचं, त्या मार्गांची यादी तिने पडद्यावर मागवली, दोनदा वाचली. मागच्या इमारतीकडे जाणारी ओळच नव्हती. ती ओळ सहा वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी, हेच काम करताना याच खुर्चीत बसून, हाताने टाइप केली होती. असा मार्ग यंत्र चालू आहे तोवरच राहतो. टिकवायचा तर यंत्र सुरू होताना जी फाइल वाचतं तिच्यात लिहून ठेवावा लागतो. तिने फाइल उघडली. बाबांनी लिहिला नव्हता. सहा वर्षांत सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता, आणि बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते.

तिने मागच्या वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, तुमचे आकडे इकडे येत नाहीत. बाळांपाशीच थांबा."

"थांबते गं, पण मला पाय दोनच. दोन बाळं इकडे, तीन काचेपलीकडे. त्यात तिसऱ्याचा श्वास मधूनच अडकतो."

"दारावर दिवे लुकलुकणारा डबा आहे ना? आकडे त्याच्यातूनच इकडे येतात. त्याच्यावर त्याचा पत्ता लिहिलाय?"

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. "चिठ्ठी आहे. तुझ्या बाबांचं अक्षर, कोंबडीचे पाय." सिस्टरांनी आकडे वाचले. "शेवटचा एक की सात, कोण जाणे."

"मधे आडवी रेघ आहे?"

"आहे."

"सात," ती म्हणाली. "बाबा सातालाच रेघ मारायचे."

त्या इमारतीकडे जायचं ते या पत्त्यावरून, एवढंच तिने यंत्राला सांगितलं. चौकोन एकेक करून भरले. तिसरा सर्वांत शेवटी.

"झालं की!" वायरमनने पक्कड पिशवीत टाकली. "उगाच जीव खाल्लात."

तिने तीच ओळ फाइलीत लिहिली. तीनदा तपासली. पण लिहिलेलं खरंच चालतं का, हे सर्व्हर बंद करून चालू केल्याशिवाय कळणार नव्हतं. एखादं टिंब चुकलं असेल तर बाळं पुन्हा नाहीशी होतील. आज नाही तर पुढे कधीतरी, ती इथे नसताना.

बाबांना हे ठाऊक नसेल असं होणं शक्य नव्हतं. सगळे म्हणायचे, हा माणूस कशाला म्हणून घाबरत नाही. पण लिहायचं म्हणजे बंद करून पाहायचं, आणि तिथेच त्यांचाही हात थांबला असणार.

"सिस्टर, डॉक्टरांना तिसऱ्यापाशी उभं करा. मी पुन्हा बंद करतेय. चार मिनिटं."

"अगं, आत्ता दिसतंय ना सगळं? कशाला हात लावतेस?"

"आत्ता मी इथे आहे म्हणून."

पलीकडे धावत्या चपला, एक दार, डॉक्टरांचा आवाज.

"कर," सिस्टर म्हणाल्या.

तिने आज्ञा दिली. पडदा काळा झाला.

"फोन ठेवू नका, सिस्टर. पेट्यांवरचे ठोक्यांचे आकडे मोठ्याने वाचत राहा."

"पहिलं, एकशे चाळीस. दुसरं, एकशे छत्तीस. तिसरं..."

तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तिसरं जांभई देतंय," सिस्टर म्हणाल्या. "एकशे बत्तीस. चौथं..."